इंग्रजी वाक्प्रचारांचा मराठी संसार



इंग्रजी वाक्प्रचार मराठीत कसे आणावेत, हा विषय वरवर पाहता शाळेच्या तासाचा आहे. वसंतातल्या मोकळ्या संध्याकाळी, समुद्रावरचा वारा सोडून, ह्यासाठी कोणी खुर्चीवर येऊन का बसावे, अशी शंका आपल्या मनात आली असल्यास ती मला समजते. म्हणून व्याकरणाने आरंभ न करता एका चुकीच्या कबुलीने आरंभ करतो. ती चूक माझी आहे.

उमेदवारीच्या दिवसांत मी एका कचेरीत भाषांतराचे काम करीत असे. कचेरीचे नाव सांगत नाही, कारण तिचा दोष नव्हता. पावसाळा तोंडावर आला होता. होड्यांच्या कागदपत्रांसंबंधीचे एक इंग्रजी पत्रक माझ्यापुढे आले. किनाऱ्यावरच्या गावांत ते मराठीत लावावयाचे होते. त्यात शेवटी एक वाक्य असे होते की, अर्जदारांनी 'अकराव्या तासाची' वाट पाहू नये. मी नवा होतो आणि शब्दाला शब्द ठेवण्यात प्रामाणिकपणा आहे अशी माझी समजूत होती. मी लिहिले, 'अर्जदारांनी अकराव्या तासापर्यंत थांबू नये.' पत्रक छापले गेले, गावच्या चौकात लागले.

पुढे काय झाले ते आपण ओळखलेच असेल. लोकांनी त्याचा सरळ अर्थ केला, की कचेरी अकरा वाजता बंद होते! भल्या पहाटे समुद्रावरून परतलेली माणसे, मासळी उतरवून, जाळी धुऊन, दुपारी बाराच्या सुमारास घड्याळाकडे पाहत आणि तशीच घरी जात. बायका बाजारची पाटी टाकून दहाच्या आत रांगेत उभ्या राहत आणि अकराचा टोला पडला की आपण होऊन निघून जात. दोनतीन दिवस असे गेल्यावर आम्हाला पत्ता लागला. काही जणांचा रोजगार बुडाला, काही जणांचा अर्ज राहता राहिला. आणि हे सारे कशामुळे? 'आयत्या वेळी धावपळ करू नये' एवढे साधे मराठी वाक्य मला सुचले नाही, त्यामुळे!

त्या रांगेतील एका वृद्ध कोळणीने मला जे सांगितले ते मी शेवटी सांगेन. आज मी जे बोलणार आहे ते त्या मावशींच्या एका वाक्यावरचे भाष्य आहे असे समजा.

वाक्प्रचार म्हणजे काय, ह्याची व्याख्या पुष्कळांनी केली आहे. माझ्यापुरती मी ती अशी करतो: ज्या शब्दसमूहाचा अर्थ त्यातल्या शब्दांची बेरीज करून लागत नाही, तो वाक्प्रचार. 'कान टोचणे' ह्यात कान आहे, टोचणे आहे, पण सोनार नाही. 'हातावर तुरी देणे' ह्यात तुरी कोणी देत नाही. शब्द हा नाण्यासारखा आहे, एका देशात मोडून दुसऱ्या देशात घेता येतो. वाक्प्रचार हा झाडासारखा आहे. त्याच्या मुळाशी कोठल्या तरी जमिनीची माती असते. उपटून नेताना ती माती झडली, की झाड वाळते.

ह्याला पुरावा म्हणून आपल्याच किनाऱ्याचा इतिहास पाहा. वसईचा मुलूख १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो परत घेतला. ह्या पालीपासून हाकेच्या अंतरावर, चौकच्या बाजूला, धारावीच्या किल्ल्यासाठीही त्याच मोहिमेत झुंज झाली. म्हणजे दोनशे वर्षे पोर्तुगीज भाषा आपल्या दारात होती. तिने आपल्याला काय दिले? चावी दिली, पगार दिला, पाव दिला, बटाटा दिला, घमेले दिले, फीत दिली आणि घरातले सामान विकायची पाळी आली तर लिलावही दिला. हे शब्द आज सातारच्या शेतकऱ्याच्या आणि नागपूरच्या विणकराच्याही तोंडी आहेत, आणि ते परके आहेत असे कोणाच्या मनातही येत नाही. पण पोर्तुगीज म्हणी, पोर्तुगीज वाक्प्रचार? दोनशे वर्षांच्या शेजारातून असा एखादा आपल्या रोजच्या मराठीत आहे काय, ह्याचा मी शोध घेतो तेव्हा हाती काहीच लागत नाही. वस्तू आली म्हणजे तिच्याबरोबर नाव येते. वाक्प्रचार यावयाचा तर गोष्ट यावी लागते, आणि ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा कोणी यावा लागतो.

असा एक सांगणारा आला होता, आणि गंमत म्हणजे तो इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तेथेच वारला. ठाणे जिल्ह्यात एक साष्टी आहे, तशी गोव्यातही एक साष्टी आहे. त्या गोव्याच्या साष्टीत त्याचे आयुष्य गेले. तेथल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्याने ओवीबद्ध मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ साली ते राचोल येथे छापले गेले. स्टीफन्सने बायबलाचे शब्दशः भाषांतर केले नाही. त्याने आपल्याकडच्या पुराणिकासारखी कथा लावली, आणि ज्ञानदेव-एकनाथांनी वाहती केलेली ओवी हाती घेतली. ख्रिस्ती स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटले. विचार करा, सोळाव्या-सतराव्या शतकातला पाद्री, आणि वैकुंठ! त्याला कळले होते की, श्रोत्याच्या कानात जो शब्द आधीच घर करून आहे, त्याच्याच हाताला धरून नवा अर्थ आत शिरतो. भाषांतराचा हा पहिला आणि अजूनही उत्तम असा धडा आहे, आणि तो मराठीला एका इंग्रजाने दिला.

त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी दुसरा प्रयत्न झाला तो महाराष्ट्रापासून फार दूर, बंगालमध्ये. विल्यम केरीने श्रीरामपूर येथून १८०५ साली मराठीचे व्याकरण काढले आणि १८१० साली कोश काढला. पंडित वैजनाथ ह्यांच्या साहाय्याने बायबलाचे भागही मराठीत उतरू लागले. केरीच्या उद्योगाला तोड नाही, पण भोवती बंगाली बोलणारी वस्ती असताना मराठीचे वाक्प्रचार कानावर पडावेत कसे? शब्द पंडिताकडून मिळतात, वाक्प्रचार बाजारातून मिळतात. केरीला पंडित होता, बाजार नव्हता.

तो बाजार मोल्सवर्थला मिळाला. कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ आणि त्याचे सहकारी थॉमस व जॉर्ज हे कँडीबंधू ह्यांनी मराठी पंडितांची मंडळी जमवून जो मराठी-इंग्रजी कोश तयार केला तो १८३१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. हा कोश आजही उघडा. एकेका शब्दाखाली म्हणी, लोकांच्या बोलण्यातले प्रयोग, देशावरचे आणि कोकणातले भेद असे दाटीवाटीने बसलेले दिसतील. परक्या माणसाने आपल्या भाषेची इतकी बारकाईने झडती घेतली, हे पाहून अभिमान वाटावा की संकोच, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

पण मराठीवरून इंग्रजीत जाणे आणि इंग्रजीवरून मराठीत येणे ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिल्या वाटेने जाणारा इंग्रज अर्थ समजला की तृप्त होतो. दुसऱ्या वाटेने येणाऱ्याला अर्थ तर समजलेला असतोच, त्याला शब्द हवे असतात. मोल्सवर्थ प्रकृतीच्या कारणास्तव १८३६ साली मायदेशी गेला. पुढे थॉमस कँडीने इंग्रजी-मराठी कोश पुरा करून १८४७ साली छापविला. त्याच कँडीसाहेबाच्या नजरेखालून सरकारी शाळांची मराठी पुस्तके जात असत. 'शब्दाला शब्द ठेवावा की भावाला भाव?' हा प्रश्न मराठी लेखकापुढे रोजच्या पोटापाण्याचा प्रश्न म्हणून प्रथम उभा राहिला तो ह्या काळात.

आता ह्या प्रश्नाचे स्वरूप चार उदाहरणांनी पाहू. कोशकारांच्या टेबलावर ती कशी अडली असतील, ह्याची कल्पना आपल्याला सहज येईल.

पाठ करण्याला इंग्रजीत 'हृदयाने शिकणे' म्हणतात. आपण 'तोंडपाठ' म्हणतो. इंग्रज आपली कविता काळजात ठेवतो, आपण ओठांवर ठेवतो. वेद, अभंग, पाढे आणि आरत्या शेकडो वर्षे तोंडी चालत आलेल्या देशात दुसरे काय होणार?

जबाबदारी टाळण्याला इंग्रजीत एखाद्या गोष्टीतून 'हात धुणे' म्हणतात. हे बायबलातून आले. पिलाताने लोकांसमोर पाणी घेऊन हात धुतले आणि ह्या रक्ताला मी जबाबदार नाही असे म्हटले. आता हे मराठीत जसेच्या तसे ठेवून पाहा. 'त्याने ह्या प्रकरणात हात धुऊन घेतले' असे म्हटले, तर मराठी माणूस समजेल की गृहस्थाने पैसे खाल्ले! कारण आपल्याकडे वाहत्या गंगेत हात धुतात. आणि 'हात धुऊन पाठीस लागला' म्हटले, तर अर्थ अगदीच उलटा, म्हणजे ज्याने सोडून दिले तोच पिच्छा पुरवू लागला. इंग्रजाच्या हात धुण्याला मराठीत 'हात झटकणे' हवे. पाणी सोडले तर अर्थ टिकतो, पाणी ठेवले तर वाहून जातो.

तिसरे उदाहरण घोंगड्याचे. इंग्रजीत 'ओले कांबळे' म्हणजे असा माणूस, जो आला की बैठकीचा रंग जातो. आपल्याकडे 'भिजत घोंगडे' म्हणजे निकाल न लागता रेंगाळलेले प्रकरण. वस्तू एक, ओलावा एक, पण एक माणूस आहे आणि दुसरे कोर्टकचेरी!

चौथे मिठाचे. भाईंदरच्या मिठागरांचा हा मुलूख, तेव्हा मिठाचे उदाहरण येथे घेतलेच पाहिजे. इंग्रजीत एखादी गोष्ट 'चिमूटभर मिठाबरोबर घ्यावी' म्हणजे तिच्यावर पुरता विश्वास ठेवू नये. आपल्याकडे 'मीठमिरची लावून सांगणे' आहे. म्हणजे इंग्रजीत ऐकणारा मीठ घालतो, मराठीत सांगणारा घालतो! दोन्हींकडे संशय गोष्टीवरच, फक्त मिठाचा डबा कोणाच्या हाती एवढाच फरक. उलट 'जखमेवर मीठ चोळणे' हे दोन्ही भाषांत तंतोतंत एक आहे. ते मात्र आपण इंग्रजांकडून घेतले असे कोणी समजू नये. संस्कृतात 'क्षते क्षार' हा प्रयोग फार जुना आहे. जखम आणि मीठ ही दोन्ही सर्व देशांत असतात. अनुभव एक असला की भाषा एकमेकींना न विचारता एकच गोष्ट बोलतात.

ह्या उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. परक्या वाक्प्रचाराला आपल्याकडे तीन दारे आहेत. एक, त्याच अर्थाचा आपला वाक्प्रचार शोधून द्यावयाचा. दोन, वाक्प्रचार सोडून नुसता सरळ अर्थ सांगावयाचा. तीन, परका वाक्प्रचारच जसाच्या तसा मराठी कपड्यांत उभा करावयाचा. पहिले दार उत्तम, दुसरे बिनधोक, आणि तिसरे? तिसऱ्या दाराविषयीच सारा वाद आहे.

हा वाद जाहीरपणे मांडला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि पहिल्याच निबंधाचा विषय 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिति' हा घेतला. इंग्रजी वाक्याच्या साच्यात मराठी शब्द ओतले म्हणजे मराठी होत नाही, हा त्यांचा मुख्य रोख. मिशनऱ्यांची आणि शाळाखात्याची भाषांतरित मराठी त्यांच्या तडाख्यातून सुटली नाही. पण शास्त्रीबोवांना न्याय देताना एक गोष्ट सांगितली पाहिजे, की ते इंग्रजीचे वैरी नव्हते. जॉन्सनच्या 'रासेलस'चे जे भाषांतर त्यांच्या वडिलांनी, कृष्णशास्त्र्यांनी, हाती घेतले होते ते पुरे करणारा हाच लेखक. त्यांचे म्हणणे इतकेच, की पाहुणा घरात यावा, पण त्याने घरधन्याला ओसरीवर झोपवू नये.

तरीही पाहुणे आले आणि राहिले. ते कसे राहिले, हा इतिहासाचा खरा मनोरंजक भाग आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनी १८२८ साली 'इसापनीतिकथा' मराठीत आणल्या. इसाप हा ग्रीक, आणि छत्र्यांपर्यंत तो पोचला इंग्रजी पुस्तकातून. आज 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण परकी आहे असे सांगितले तर आपले आजोबा रागावतील! 'सिंहाचा वाटा' हाही त्याच कुळातला. ह्यात एक मौज आहे. मूळ गोष्टीत सिंह सगळीच शिकार स्वतःकडे ठेवतो, आणि आज आपण मोठ्या वाट्याला सिंहाचा वाटा म्हणतो. म्हणजे सिंहही प्रवासात जरा मवाळ झाला. हे वाक्प्रचार का टिकले? कारण त्यांच्याबरोबर त्यांची गोष्ट आली, शाळेच्या पुस्तकात बसली, आणि आजीने ती नातवाला सांगितली. पोर्तुगीजांच्या वेळी जे झाले नाही ते येथे झाले, माती झाडाबरोबर आली. हरि केशवजींनी १८४१ साली बनियनचे प्रसिद्ध पुस्तक 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणले तेव्हाही वाट हीच होती, म्हणजे आधी कथा, मग वाक्प्रचार.

दुसऱ्या जातीचे पाहुणे वर्तमानपत्रांतून आणि कचेऱ्यांतून आले. 'प्रकाश टाकणे', 'पांढरा हत्ती', 'नक्राश्रू', 'शीतयुद्ध', 'याची नोंद घ्यावी' असे कितीतरी. त्यांतले काही रुळले, काही अजून पाटावर बसायला संकोचतात. त्यांत 'लाल फीत' ही मला फार बोलकी वाटते. कागदांची बंडले तांबड्या फितीने बांधण्याची इंग्रजी कारभाराची रीत, म्हणून दिरंगाईला त्यांच्याकडे ते नाव पडले. आता पाहा, अर्थ इंग्रजांचा, 'फीत' हा शब्द पोर्तुगीजांचा, आणि भोगणारे आपण! आपल्या जुन्या दप्तरखान्यात कागद फितीत नव्हे, रुमालात बांधीत. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल प्रसिद्धच आहेत. कामाची बोळवण करावयाची तर 'दप्तरी दाखल' हा खास आपला शब्द होता. 'भिजत घोंगडे' तर होतेच. म्हणजे दिरंगाईसाठी परक्या फितीची उधारी करण्याचे आपल्याला काहीच कारण नव्हते, त्या बाबतीत आपण स्वयंपूर्ण होतो!

आता मी ह्या किनाऱ्याकडे वळतो, कारण माझ्या मते मराठी भाषांतरकाराची मोठी उणीव येथे उघडी पडते.

इंग्रज हे समुद्रावरचे राष्ट्र. त्यांच्या बोलण्यात जहाज पावलोपावली येते. गोंधळलेला माणूस 'समुद्रावर असतो'. सारखी अडचण असलेले लोक 'एकाच होडीत' असतात. प्रतिपक्षाचा जोर काढून घेणे म्हणजे त्याच्या 'शिडातला वारा काढणे'. दोन संकटांत सापडलेला 'सैतान आणि खोल समुद्र' ह्यांच्यामध्ये असतो. ह्या शेवटच्याला आपण 'इकडे आड, तिकडे विहीर' म्हणतो, आणि भाषांतर म्हणून ते झकास आहे. पण त्यात काय झाले ते पाहा. समुद्र आटून आड झाला! कारण छापील मराठी घडविणारी मंडळी बहुतेक शेतीच्या आणि पेठांच्या मुलखातली. त्यांच्या वाक्प्रचारांत विहीर आहे, मोट आहे, बैल आहे, भाकरी आहे. 'नांगर' म्हटले की त्यांना शेत दिसते. पालीच्या माणसाला त्याच शब्दात होडी दिसते. शेतातला नांगर जमीन उलथतो, पाण्यातला नांगर होडीला जागच्या जागी धरतो. एका शब्दाने एक उखडतो आणि एक स्थिरावतो, आणि दोन्ही शुद्ध मराठी!

समुद्राचे काही शब्द आत गेले, नाही असे नाही. उत्साहाला 'उधाण' येते, वैभवाला 'ओहोटी' लागते. 'ओहोटी'चा वाक्प्रचार इंग्रजीतही ह्याच अर्थाने आहे, कारण भरतीओहोटी दोन्ही किनाऱ्यांनी पाहिली आहे. पण उधाणाचा जोडीदार जो 'भांग', ज्या दिवसांत पाण्याला जोर नसतो, तो मात्र किनाऱ्यावरच राहिला. शहरातल्या माणसासमोर भांग म्हटले तर तो केसांना हात लावील, नाहीतर होळीची आठवण काढील! उद्योगधंद्याची मंदी सांगायला हा शब्द किती नेमका आहे! 'बाजाराला भांग आहे' म्हटले की येथल्या प्रत्येक घरात अर्थ कळावा, आणि त्यात एक धीरही असावा, की भांग सरतो, उधाण पुन्हा येते. 'मंदीसदृश परिस्थिती' ह्या सरकारी शब्दांत तो धीर कोठे आहे?

इंग्रजीत निरुपयोगी खटाटोपाला 'न्यूकॅसलला कोळसा नेणे' म्हणतात. न्यूकॅसल हे कोळशाचे बंदर, तेथूनच लंडनला कोळसा जाई. पुण्यातल्या विद्यार्थ्याला हे समजावताना मास्तरांना नकाशा काढावा लागतो. येथे नकाशा कशाला हवा? 'पालीला सुके बोंबील नेणे' म्हणा, की वलांडीवर बोंबील वाळत असलेल्या ह्या गावात पोरेसुद्धा हसतील. भाषांतर म्हणजे हेच. न्यूकॅसल ओळखावयाचे आणि मग आपले न्यूकॅसल कोठे आहे ते शोधावयाचे.

ह्या शोधाचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणून मी एक सांगतो. माघार अशक्य करून टाकणे ह्याला इंग्रजीत 'आपल्या होड्या जाळणे' म्हणतात. परक्या किनाऱ्यावर उतरलेल्या सेनापतींच्या अशा कथा युरोपात जुन्या आहेत. कोर्तेसने १५१९ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आपली जहाजे जाळली असे लोक सांगतात. वास्तविक त्याने ती निकामी करून टाकली. आता हे मराठीत कसे सांगावे? 'त्याने होड्या जाळल्या' म्हटले तर ऐकणारा म्हणेल, अरे रे, नुकसान झाले! पण आपण म्हणतो, 'परतीचे दोर कापून टाकले'. हे शब्द उच्चारताच १६७० सालची ती माघातली रात्र, सिंहगडाचा कडा, पडलेला तानाजी आणि पळू पाहणाऱ्या मावळ्यांना दोर कापल्याचे सांगणारा सूर्याजी, हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. ही कथा तपशिलात किती खरी, हा इतिहाससंशोधकांचा प्रश्न. भाषेने तिला खरी मानले आहे. त्यांच्याकडे होडी आहे, आपल्याकडे दोर आहे, कारण त्यांचा पराक्रम समुद्रावर आणि आपला गडावर. शब्द एकही जुळत नाही, आणि अर्थ जिवंतपणे जुळतो. ह्याहून चांगले भाषांतर मला ठाऊक नाही.

असे शोध घेण्यासाठी साधन लागते. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ह्यांनी १९३२ ते १९३८ ह्या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग काढले, आणि पुढे त्याच जोडीने 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' दोन भागांत सिद्ध केला. तो चाळीसच्या दशकातला, म्हणजे महायुद्धाच्या आणि स्वातंत्र्याच्या धामधुमीतला. कागद महाग, पैसा थोडा, आणि ही माणसे 'हात', 'डोळा', 'पाणी' ह्यांचे वाक्प्रचार मोजीत बसली होती. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. तेव्हापासून भाषांतर हा केवळ साहित्यिकांचा छंद राहिला नाही. पत्रक, नोटीस, सात-बारा, परवाना, कोर्टाचा निकाल हे सारे भाषांतराच्या हाती गेले. कवीचा वाक्प्रचार चुकला तर रसभंग होतो. कारकुनाचा चुकला तर रोजगार बुडतो. हे मी ऐकीव सांगत नाही, सुरुवातीलाच कबुली दिली आहे.

मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा मला आनंद आहे. पण भाषेचा दर्जा दिल्लीत जाहीर होतो आणि चौकातल्या पत्रकावर टिकतो. पत्रक लिहिणाऱ्याने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत, एवढीच माझी विनंती. ह्या परक्या वाक्प्रचाराच्या मागे कोणते काम, कोणती गोष्ट आहे? माझा वाचक कोणते काम करतो? आणि त्याच्या तोंडी ह्याच प्रसंगी कोणते शब्द येतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोशात नसेल तर उठून बाहेर जावे आणि विचारावे. ह्या किनाऱ्यावरच्या तांडेलांच्या, मासळी विकणाऱ्या बायकांच्या, मिठागरांवर राबलेल्या माणसांच्या तोंडी जे आहे ते आपल्या तरुणांनी वहीत उतरून ठेवावे. मोल्सवर्थने परका असून जे केले, ते आपण घरचे असून करू नये काय?

आता त्या मावशींचे वाक्य. चूक उघडकीस आल्यावर मी रांगेपाशी जाऊन लोकांना समजावीत होतो की, अकरावा तास म्हणजे अकरा वाजता नव्हे, ती इंग्रजी बोलण्याची रीत आहे, अगदी शेवटची घटका असा तिचा अर्थ. मावशी ऐकत होत्या. त्या ख्रिस्ती होत्या आणि देवळात मराठीतून वाचली जाणारी गोष्ट त्यांना पाठ होती. द्राक्षमळ्याच्या धन्याची ती गोष्ट. सूर्योदयापासून दिवसाचे बारा तास धरीत. धन्याने कोणाला पहाटे कामावर घेतले, कोणाला दुपारी, आणि कोणाला अकराव्या तासाला, म्हणजे आपल्या घड्याळाने संध्याकाळी पाचच्या सुमारास. आणि मजुरी मात्र सर्वांना सारखी, पुऱ्या दिवसाची दिली.

मावशी मला म्हणाल्या, "पोरा, गोष्टीतल्या धन्याने अकराव्या तासाला आलेल्यालाही पुरी मजुरी दिली. मग तुमच्या कागदाने आम्हाला अकराव्या तासाला परत कसे धाडले?"

मी निरुत्तर झालो. सारे कोश उशाशी घेऊन मी जे भाषांतर केले होते, त्याचे मूळ मला ठाऊक नव्हते आणि त्यांना ठाऊक होते. मी वाक्प्रचार आणला होता, त्याची माती सांडून आलो होतो. ती मावशींच्या पदरात होती.

दुसऱ्या दिवशी नवे पत्रक लागले. त्यात साहेबांच्या परवानगीने शेवटचे वाक्य असे होते: 'कचेरी संध्याकाळपर्यंत उघडी आहे. काम आटोपून या, पण शेवटच्या दिवसावर टाकू नका.' इंग्रजी मूळापेक्षा ते थोडे लांब झाले. पण त्या दिवशी कोणी परत गेले नाही.